एका भाड्याच्या कूलरचा ऐतिहासिक करार

मित्रांनो, मधल्या सुट्टीची घंटा झाली की तुम्ही माझ्यावर तुटून पडता. माझा डावा नळ तुमच्यापैकीच कोणीतरी पिरगाळून तोडला. उजव्यातून पाणी येते, आणि त्या एका नळासाठी तुम्ही एकमेकांचे शर्ट ओढता. तोच मी, जिन्याखालचा पाण्याचा जुना कूलर. माझ्या पोटाला एक मोठा पोचा आहे. त्यात तुम्ही बुटाचे टोक बसवून बघता. तो पोचा बुटानेच पडला आहे, पण तुमच्या नाही. माझ्या छातीवर एक निळा बगळा चिकटवलेला आहे. आज मी तुम्हाला त्या बगळ्याची गोष्ट सांगणार आहे. माझा स्वभाव थंड आहे, कामच तसे पडले, तेव्हा माझ्याकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आधी मी स्टीलचा नुसता पत्रा होतो. मला कापले, वाकवले, ठोकले. पोटाच्या खालच्या कप्प्यात कॉम्प्रेसर बसवला, नळ्यांत गॅस भरला. तपासनीस बाईंनी टाकीत थर्मामीटर बुडवला, आकडा पाहिला आणि "चालेल" म्हणाल्या. माझ्या बालपणातले कौतुक एवढेच. सगळ्यात शेवटी एका माणसाने माझ्या छातीवर बगळा चिकटवला आणि अंगठ्याने घट्ट दाबला. त्या क्षणी माझी किंमत वाढली. पाणी तेच होते, पत्राही तोच. मी तेव्हा त्याचा विचार केला नाही, आणि नवे दप्तर घेताना तुम्हीही करत नाही.

त्या चित्रावरून सगळे त्या कंपनीला बगळा कंपनीच म्हणत. तिचे पंप, पंखे, कूलर घरोघरी होते. कंपनीच्या जुन्या मालकांनी एक पद्धत घालून दिली होती. यंत्र विकत दिलेले असो की भाड्याने, ते गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना मेकॅनिकने कोट घालायचा, टाय लावायचा, कागदावर दोघांनी सह्या करायच्या, हात मिळवायचा आणि फोटो काढायचा. या कार्यक्रमाला 'सोपवणी' म्हणत. त्याने गिऱ्हाइकाला मान मिळतो असे मालकांना वाटे. मालक गेले, पद्धत राहिली. आमच्या डेपोत मेकॅनिक चार होते आणि कोट एक. ज्याची पाळी असेल त्याने तो अंगात चढवायचा.

माझ्या वाट्याला आलेला मेकॅनिक उंच होता. कोटाच्या बाह्या त्याच्या मनगटाच्या चार बोटे वरच संपत. टेम्पोत माझ्या शेजारी बसून, मधल्या खिडकीत तोंड घालून, तो सारा रस्ताभर ड्रायव्हरशी बोलत होता, म्हणून मला त्याच्या घरचे सगळे ठाऊक झाले. आईवडील लवकर गेल्यावर त्याला मोठ्या बहिणीने वाढवले होते. ही ताई शाळेचे गणवेश शिवायची. घरात सहा शिलाई मशिनी मांडून ती आसपासच्या बायकांना शिवण शिकवायची. तिच्या नवऱ्याला मात्र या मेहुण्याचे भारी हसू येई. चारचौघांत ते विचारत, "काय पाणक्या, आज कोणाची तहान भागवलीस?" आणि मग चारचौघेही हसत. मेकॅनिक हे ड्रायव्हरला हसत हसतच सांगत होता. पण सांगताना तो कोटाच्या बाह्या खाली ओढत होता.

टेम्पो काचेच्या एका उंच इमारतीपाशी थांबला. पाचव्या मजल्यावरच्या कार्यालयात एक नवे नाणे विकले जात होते. हे नाणे हातात येत नसे, खिशात खणखणत नसे. फोनच्या पडद्यावर त्याचा फक्त भाव दिसे. आज घ्या, उद्या दुप्पट होईल, असे लोकांना सांगणे हाच तिथला धंदा होता. मालकांच्या चष्म्याला सोनेरी काड्या होत्या, म्हणून मी त्यांना चष्मेवाले म्हणेन. त्यांच्या हाताखाली एक जाहिरातवाली होती. ती कायम फोन समोर धरूनच चाले.

मेकॅनिकने मला दाराशी उभे केले, पाणी जोडले, बटण दाबले. मग मोरीत हात धुऊन, कोट घालून, टाय सारखा करून तो बाहेर आला. चष्मेवाल्यांनी त्याला नीट पाहिले, मग माझ्या छातीवरच्या बगळ्याला पाहिले, मग पुन्हा त्याला.

"या साहेब, या!" ते म्हणाले.

मेकॅनिकने मागे वळून पाहिले. मागे मी होतो आणि माझ्यामागे भिंत. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणी साहेब म्हटले होते. सह्या झाल्या. हात मिळवण्याची वेळ आली तेव्हा जाहिरातवालीने दोघांना माझ्या दोन बाजूंना असे उभे केले, की बगळा बरोबर मधोमध यावा.

"साहेब, खिशातला पाना तेवढा काढून ठेवा ना," ती लाडीगोडीने म्हणाली. मग फोन खाली करून चष्मेवाल्यांना म्हणाली, "सर, नळ दिसताहेत."

"नळ काप. बगळा राहू दे."

माझ्या आयुष्यातला तो पहिलाच फोटो, आणि त्यातून मलाच कापले.

दुसऱ्या दिवशी तो फोटो गावभरच्या फोनांत पोहोचला. वर ठळक अक्षरे होती: 'बगळा कंपनीशी ऐतिहासिक करार! आता पंप घ्या, पंखा घ्या, आमच्या नाण्यात घ्या!' खाली बारीक अक्षरे होती: 'करारानंतर बगळा कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसोबत.' मित्रांनो, तो करार माझ्या भाड्याचा होता. सगळ्या कागदात चष्मेवाल्यांवर एकच जबाबदारी होती, माझी टाकी दर पंधरा दिवसांनी धुण्याची. ती त्यांनी एकदाही धुतली नाही.

नाण्याचा भाव चढू लागला. लोक पाचव्या मजल्यावर गर्दी करू लागले. चष्मेवाले प्रत्येकाला आधी माझ्यासमोर आणत. "बघा, त्यांनी स्वतः पाठवलेलं यंत्र," असे म्हणून ते माझ्या पाठीवर थाप मारत. लोक माझे पाणी पीत आणि बगळ्याला हात लावत. काहींनी माझ्यासोबत फोटो काढले, आणि मला नळांसकट घेतले. खोटे कशाला बोलू, मी हुरळून गेलो. कारखान्यात मला कोणी "चालेल" च्या वर काही म्हटले नव्हते, आणि इथे म्हातारी माणसे माझ्याकडे बघून हात जोडत होती.

तुम्ही म्हणाल, बगळा कंपनीला हे कळले नाही का? कळले. त्यांचे एक विक्री अधिकारी एकदा येऊन गेले. त्यांनी जाहिरात पाहिली, माझे एक पेलाभर पाणी प्याले आणि फोनवर कोणाला तरी म्हणाले, "आपले पंप खपताहेत ना? मग कशाला तोंड उघडायचं?" मिशी पुसून ते निघून गेले. त्यांचे नाव लक्षात ठेवण्याची गरज नाही, पण ते पुढे गोष्टीत पुन्हा येतील.

दर एक तारखेला मेकॅनिक माझा फिल्टर बदलायला येई. तेव्हा अंगात कोट नसे, रोजचे डागाळलेले कपडे असत. पहिल्याच खेपेला, तो गुडघ्यावर बसून माझ्या खालच्या कप्प्यात डोके घालून बसला असताना, त्याचा फोन वाजला. हात ओले होते, म्हणून त्याने तो स्पीकरवर टाकला. ताई होती.

"अरे, फोटोतला तो कोटवाला तूच ना?"

"हो."

"आणि सही केलीस ती?"

"हो ताई, सही माझीच आहे."

"बघा! आणि आम्हाला एका शब्दानं सांगू नये? थांब, हे बोलताहेत तुझ्याशी."

मग भावोजींचा आवाज आला. तो नेहमीचा नव्हता. "काय साहेब, आम्हाला विसरलात की काय?"

मेकॅनिकच्या हातात जुना फिल्टर होता, शेवाळलेला. तो त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तसं नाही हो भावोजी. दर एक तारखेला इथे यावं लागतं. कामच असतं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते, आणि तो शीळ घालत होता.

पुढच्या एक तारखेला ताई स्वतःच आली. भावासमोर शुभकार्य व्हावे म्हणून तिने मुद्दाम तोच दिवस धरला होता. सहापैकी पाच शिलाई मशिनी विकून ती आली होती. सोबत भावोजी होते आणि तिच्या शिवणवर्गातल्या आठ बायका, ठेवणीतल्या साड्या नेसून. मेकॅनिक जमिनीवर गुडघे टेकून माझ्या कप्प्यात डोके घालून बसला होता. ताईची हाक ऐकून त्याने दचकून डोके बाहेर काढले, ते माझ्या कडेला आपटले.

आठ बायका त्याच्याकडे बघत राहिल्या. हाताला शेवाळ, कपाळाला काळे वंगण, शेजारी पान्यांची पिशवी. भावोजींच्या ओठाची कड हळूहळू वर जाऊ लागली. त्या हसण्याबद्दल मी टेम्पोत ऐकले होते. आता ते मी पाहिले.

"हा काय अवतार म्हणायचा?" भावोजी म्हणाले.

चष्मेवाले आतून धावतच आले. "अहो, हेच तर साहेबांचं मोठेपण!" ते म्हणाले. "एवढे वरचे अधिकारी, पण तपासणी स्वतःच्या हातांनी करतात. नाही तर हल्लीचे अधिकारी!"

भावोजींचे हसू वाटेतच थांबले. सगळे मेकॅनिककडे पाहू लागले. बायकांत जी सगळ्यात वयस्कर होती ती पुढे आली. तिने पिशवी पोटाशी धरली होती.

"दादा, तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "घालू ना पैसे? छपरासाठी ठेवलेत. पावसाआधी करायचं होतं, पण ताई म्हणतात थोडं थांब, पक्कं करता येईल."

मित्रांनो, आता लक्ष द्या. मेकॅनिकचे तोंड उघडले होते. 'मी मेकॅनिक आहे, हा कूलर भाड्याचा आहे' एवढेच म्हणायचे होते. एका दमात बोलून झाले असते. त्याने एकदा ताईकडे पाहिले. मग भावोजींकडे पाहिले. आणि त्याने मान हलवली. हो म्हटले नाही, फक्त मान हलवली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "आधी पाणी तर घ्या."

ताईने स्वतः माझ्या नळाखाली पेले धरले आणि एकेकीला दिले. "गार आहे ना?" ती प्रत्येकीला विचारत होती. "माझ्या भावाचं आहे." आठही जणी पाणी पिऊन आत गेल्या आणि चष्मेवाल्यांच्या टेबलावर सह्या करून आल्या.

तेव्हा मी काय केले? पाणी गार केले. मला त्या बायकांचे फारसे काही वाटले नाही. वाईट वाटले ते पाच शिलाई मशिनींचे. त्या माझ्या जातीच्या, वर्षानुवर्षे इमानाने टाके घातलेल्या, आणि एका फोटोपायी घराबाहेर पडलेल्या. मी सांगितले ना, माझा स्वभाव थंड आहे.

सगळे गेल्यावर मेकॅनिक चष्मेवाल्यांच्या दारात उभा राहिला. "साहेब, ताईचे तेवढे परत देता आले तर..."

"अहो, मान तुम्हीच हलवलीत ना?" चष्मेवाले कागदातून डोके वर न काढता म्हणाले. "आणि भाव तर चढतोय. कशाला जीव टांगणीला लावता?"

भाव खरोखरच चढत होता. मेकॅनिकने फोन काढून तो पाहिला, पुन्हा पाहिला, आणि पान्यांची पिशवी उचलून गेला. पुढचे चार महिने तो दर एक तारखेला आला, आणि दर खेपेला आधी फोन पाहून मगच गुडघ्यावर बसला.

मग एक दिवस एक लॉजमालक बगळा कंपनीच्या दुकानात गेला आणि त्याने नाण्याच्या बदल्यात पंप मागितला. दुकानदाराने त्याला वेड्यात काढले. त्याने दुकानातच आरडाओरडा केला, गोष्ट वर्तमानपत्रांपर्यंत गेली, आणि आता गप्प राहण्यात तोटा आहे हे बगळा कंपनीच्या ध्यानात आले. तिने दोन ओळींचा खुलासा काढला: 'सदर संस्थेने आमच्याकडून पाण्याचा एक कूलर मासिक भाड्याने घेतला आहे. याव्यतिरिक्त आमचा तिच्याशी कोणताही संबंध नाही.'

साऱ्या प्रकरणात माझा खरा उल्लेख झाला तो एवढाच. त्यावर एका दुपारीत नाण्याचा भाव मातीला मिळाला. चष्मेवाले आणि जाहिरातवाली सामानाच्या लिफ्टने उतरले. जाताना त्यांनी संगणक नेले, खुर्च्या नेल्या, खिडक्यांचे पडदेसुद्धा नेले. मी भाड्याचा, मला कोण नेणार?

संध्याकाळी लोक दार फोडून आत आले तेव्हा रिकाम्या खोलीत मी एकटा उभा होतो. "हाच तो! हाच तो कूलर!" कोणीतरी ओरडले. ज्यांनी हात जोडले होते त्यांनीच मला लाथा घातल्या. बहुतेकांच्या लाथा हलक्या होत्या, चपलांच्या. पोचा पाडणारा बूट एकच होता. तो भावोजींचा. "पाणक्या! पाणक्या!" असे म्हणत ते मारत होते. ताई दारात उभी होती. आठ बायका तिच्याभोवती होत्या, पण तिला कोणी शिवले नव्हते. छपरावाली बाई म्हणाली, "ताई, आम्ही त्या चष्मेवाल्याला ओळखत नव्हतो. आम्ही तुम्हाला ओळखत होतो." ताईने तोंडात पदराचा बोळा धरला.

मेकॅनिकला कंपनीने काढून टाकले. कंपनीच्या नावाचा गैरवापर केला, कोट घालून अधिकारी असल्याचे भासवले, असे त्याच्या पत्रात लिहिले होते. पत्रावर सही त्याच विक्री अधिकाऱ्यांची होती, जे माझे पेलाभर पाणी पिऊन गेले होते. सोपवणीची पद्धत त्या दिवसापासून बंद झाली. ताईने सहावी मशीनही विकली आणि ते पैसे छपरावाल्या बाईला नेऊन दिले. त्यात अर्धे छप्पर झाले. अर्ध्यावर प्लॅस्टिकचा कागद आहे.

मला कंपनीने भंगारात काढले. जुनी यंत्रे दुरुस्त करून विकणाऱ्या एका दुकानदाराने मला उचलले. मेकॅनिक तेव्हा त्याच दुकानात कामाला लागला होता. मला पाहून त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग त्याने माझी टाकी धुतली. माझ्या आयुष्यात ती पहिल्यांदा कोणी तरी धुतली होती. तिच्यातून काय काय निघाले ते सांगितले तर तुम्ही मधल्या सुट्टीत डबा खाणार नाही.

तुमच्या शाळेने मला त्याच दुकानातून घेतले. मेकॅनिक मला पोहोचवायला आला, तेव्हा तुमच्या मुख्याध्यापकांनी फोटोसाठी हात पुढे केला. "माझे हात तेलकट आहेत," असे म्हणून तो दाराआड गेला. जाताना त्याला कळले की शाळेला साफसफाईसाठी बाई हवी आहे. त्याने शेजाऱ्यांकडून ताईच्या घरी निरोप पाठवला, आपले नाव न सांगता. मित्रांनो, तुम्ही ज्यांना मावशी म्हणता, ज्यांच्या ओल्या फरशीवरून तुम्ही मुद्दाम घसरत जाता, त्याच त्या ताई. मला त्यांनी पहिल्याच दिवशी पोच्यावरून ओळखले.

भावाशी त्या दोन वर्षे बोलल्या नव्हत्या. गेल्या महिन्यात माझा कॉम्प्रेसर बंद पडला आणि तो दुरुस्तीला आला. तुम्ही वर्गात होता. मावशी व्हरांडा पुसत होत्या. तो गुडघ्यावर बसला, माझ्या कप्प्यात डोके घातले. पुसणे माझ्यापाशी आले आणि थांबले.

"एक विचारू?" मावशी म्हणाल्या.

आत पान्याचा आवाज थांबला.

"त्या दिवशी मान का हलवलीस?"

एक नट आधीच घट्ट बसला होता. तो तोच नट पिळत राहिला. मग म्हणाला, "भावोजी बघत होते, ताई."

मावशींनी पोतेरे बादलीत पिळले. "बघत तर मीही होते," त्या म्हणाल्या.

त्याने डोके बाहेर काढले नाही. काम संपवून, बटण दाबून, तो माझ्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "पाणी गार येतंय का, बघतेस?" मावशी बादली उचलून मागच्या अंगणात गेल्या. तहान लागली की त्या तिथल्या नळाचे कोमट पाणी पितात. दोन वर्षांत माझे पाणी त्यांनी एकदाही ओठांना लावलेले नाही.

आता तुमच्या मुख्याध्यापकांची करणी ऐका. माझ्या डोक्यावर जो बोर्ड आहे तो तुम्ही रोज बघता. 'बगळा कंपनीच्या सहकार्याने शीतल जल प्रकल्प.' बगळा कंपनीला या शाळेचे नावही ठाऊक नाही. पण प्रवेशाच्या दिवसांत तुमचे आईवडील माझ्यासमोर उभे राहतात आणि एकमेकांना म्हणतात, "वजनदार शाळा आहे हं, बगळा कंपनी आहे पाठीशी." मुख्याध्यापक तेव्हा जवळच असतात. ते हो म्हणत नाहीत. ते फक्त मान हलवतात.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रे शेवटी हात जोडून सांगतात, आम्हाला जपा, आमच्यावर ओरखडे काढू नका. मीही थोडे सांगतो. उरलेला नळ पिरगाळू नका. माझी टाकी पंधरा दिवसांनी धुतली जाते की नाही, ते मुख्याध्यापकांना मोठ्याने विचारा. कोणी तुम्हाला विश्वासाने काही विचारले, आणि उत्तर तुम्हाला ठाऊक असले, तर मान हलवून मोकळे होऊ नका, तोंड उघडून सांगा. पण ओरखडे मात्र जरूर काढा. कंपासपेटीतला कर्कटक आणा आणि माझ्या छातीवरचा तो बगळा चोचीपासून पायांपर्यंत खरवडून टाका. पाणी मग तितकेच गार येईल.

मावशी रागावतील अशी भीती बाळगू नका. त्या मला रोज वरपासून खालपर्यंत पुसतात, पोचासुद्धा पुसतात. फक्त बगळ्यावरून त्यांचे फडके कधी फिरत नाही. जवळ येऊन बघा, तिथे दोन वर्षांची धूळ आहे.